संगणकाला दोन गळे कशाला?

शाळेतल्या संगणकाच्या खोलीत करून पाहण्यासारखा एक साधा प्रयोग आहे. संगणक सुरू करायचा, पण मॉनिटर बंद ठेवायचा. मग नववीतल्या एखाद्या विद्यार्थ्याला सांगायचे, 'चार ओळींचे पत्र लिही आणि ते साठवून ठेव.' यंत्र ठाकठीक आहे, कळफलक हाताखाली आहे, मुलाला टंकलेखनही येते. तरीही दोन मिनिटांत तो थबकतो. दाबलेल्या कळीचे काय झाले हे कळत नाही, म्हणून पुढची कळ कोणती दाबावी हेही कळत नाही.

अंध व्यक्तीसाठी मॉनिटर कायमचाच बंद असतो. त्याची जागा स्क्रीन रीडर नावाचा प्रोग्रॅम घेतो. पडद्यावरचा मजकूर, दाबलेली कळ, उघडलेली यादी, आलेली सूचना, हे सारे तो बोलून दाखवतो. आता प्रयोगाचा दुसरा भाग मनातच करू. समजा हा बोलणारा संगणक एकाएकी मुका झाला. डोळस माणसाचा स्पीकर बंद पडला तर गाणे थांबते, काम चालूच राहते. अंध माणसाचे मात्र कामच थांबते, आणि स्पीकर का बंद पडला हे शोधण्याचा मार्गही त्याबरोबर बंद होतो.

१९९०च्या दशकाच्या अखेरीस अनेक अंध संगणक-वापरकर्त्यांनी आपल्या यंत्रात एकाऐवजी दोन साउंड कार्डे बसवून घेतली होती. एक कार्ड स्क्रीन रीडरच्या बोलण्यासाठी, दुसरे बाकी सगळ्या आवाजांसाठी. एका यंत्राला दोन गळे कशाला हवेत? या प्रश्नाचे उत्तर शोधताना बोलणाऱ्या यंत्रांचा इतिहास तर कळतोच, शिवाय साउंड कार्ड आत काय करते हेही उलगडते. या लेखात आपण त्याच वाटेने जाऊ.

पेटीतला आवाज

यंत्राला बोलते करण्याची हौस जुनी आहे. वुल्फगांग फोन केम्पेलेन याने भाता, कंप पावणारी पट्टी आणि चामड्याची नळी वापरून बोलणारे यंत्र बनवले आणि त्याचे वर्णन १७९१ साली ग्रंथरूपाने छापले. १९३९ साली न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात बेल प्रयोगशाळेच्या होमर डडली यांचे 'व्होडर' हे विजेवर चालणारे यंत्र लोकांशी बोलले. पण या दोन्ही यंत्रांना चालवायला माणूस लागे. व्होडरपुढे बसणारी तरुणी पेटी वाजवावी तशी कळा आणि पायपट्टी दाबून एकेक ध्वनी काढत असे, आणि त्यासाठी तिला कित्येक महिने सराव करावा लागे.

अंध वाचकाला हवे होते ते वेगळेच. लिखित मजकूर यंत्राने आपला आपण वाचला पाहिजे. त्यासाठी अक्षरांपासून उच्चार काढण्याचे नियम लागतात. इंग्रजीत हे काम किती किचकट आहे हे इंग्रजी शिकवणाऱ्यांना सांगायला नको. मराठीत अक्षर आणि उच्चार बरेच जवळ आहेत, तरी तिथेही खाचखळगे आहेतच. 'घर' लिहिताना र पूर्ण लिहितो, पण त्यातला अ उच्चारत नाही. 'चार' या संख्येतला च आणि गुरांच्या 'चाऱ्या'तला च एक नव्हे. हे सगळे नियम यंत्राला एकेक करून शिकवावे लागतात.

१९७६ साली अमेरिकेत रे कर्झवाइल यांनी अंधांच्या राष्ट्रीय संघटनेच्या सहकार्याने छापील पुस्तक वाचून दाखवणारे यंत्र जाहीर केले. त्याच सुमारास मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत डेनिस क्लॅट हे मानवी आवाजाचे गणित मांडत होते. त्यांच्या कामावर आधारलेले 'डेकटॉक' हे उपकरण १९८०च्या दशकाच्या पूर्वार्धात बाजारात आले. त्यातला मुख्य पुरुषी आवाज क्लॅट यांच्या स्वतःच्या आवाजावरून घडवलेला होता. पुढे कर्करोगाने क्लॅट यांचाच आवाज हिरावून घेतला. १९८८ मध्ये ते वारले.

याच काळात आयबीएममधील गणितज्ञ जिम थॅचर यांनी आपले अंध सहकारी जेसी राइट यांच्यासोबत पडदा वाचणारा प्रोग्रॅम तयार केला. १९८६ च्या सुमारास तो 'स्क्रीन रीडर' या नावाने विकला जाऊ लागला आणि पुढे हेच नाव या सगळ्या जातीला चिकटले. १९८९ साली फ्लॉरिडात टेड हेंटर आणि बिल जॉइस यांच्या कंपनीने 'जॉज' हा स्क्रीन रीडर आणला. हेंटर हे मोटारसायकलच्या शर्यतींत भाग घेणारे खेळाडू होते. १९७८ सालच्या अपघातात त्यांची दृष्टी गेली होती.

या काळात संगणक स्वतः बोलत नसे. त्याच्याजवळ 'टूं' असा आवाज करण्यापुरता चिमुकला स्पीकर असे. बोलण्याचे काम सिंथेसायझर नावाची वेगळी पेटी करी. पेटीत स्वतःचा प्रोसेसर, पेटीला स्वतःचा स्पीकर, आणि संगणकाला जोडणारी एक सिरियल वायर. त्या वायरीतून संगणक नुसती अक्षरे पाठवी, उच्चार आणि आवाज पेटी पाही. थोडा हिशेब करून पाहू. वायरीचा वेग सेकंदाला ९,६०० बिट धरला आणि एका अक्षराला पुढच्या-मागच्या खुणांसह १० बिट धरले, तर सेकंदाला ९६० अक्षरे जातात. जलद बोलतानाही माणूस सेकंदाला वीस-पंचवीस अक्षरांच्या पलीकडे जात नाही. म्हणजे ती बारीक वायर या कामाला पुरून उरत होती.

या व्यवस्थेत एक मोठी सोय आपसूक होती. बोलण्याची वाट बाकी संगणकापासून वेगळी होती. संगणकावर दुसरे काहीही चालले तरी पेटीचे बोलणे अडत नसे. अडचण होती ती किमतीची. पहिल्या डेकटॉकची किंमत सुमारे ४,००० डॉलर, म्हणजे चांगल्या संगणकापेक्षाही जास्त होती. पाश्चात्त्य देशांतही तो खर्च बहुधा सरकार किंवा मालक करी. आपल्याकडच्या अंध विद्यार्थ्याच्या तर ते आवाक्याबाहेरचेच होते.

गिरणीतून एका वेळी एकच दाणा

साउंड कार्ड संगणकात शिरले ते खेळांसाठी. १९८७ साली 'ॲडलिब' आणि १९८९ साली सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचे 'साउंड ब्लास्टर' आले. १९९२ च्या 'साउंड ब्लास्टर १६'ने सीडीच्या तोडीचा आवाज घरच्या संगणकात आणला.

साउंड कार्ड करते काय? संगणकाच्या दृष्टीने आवाज म्हणजे संख्यांची माळ. सीडीच्या दर्जाच्या आवाजात प्रत्येक सेकंदाला ४४,१०० संख्या असतात, आणि त्यातली प्रत्येक संख्या −३२,७६८ ते ३२,७६७ च्या दरम्यान असते. कार्डावरचा एक भाग या संख्या ठरलेल्या गतीने एकामागून एक उचलतो आणि प्रत्येकीच्या प्रमाणात विजेचा दाब कमी-जास्त करतो. त्या दाबाने स्पीकरचा पडदा पुढेमागे होतो आणि हवेत ध्वनी उमटतो. पिठाच्या गिरणीत वरून दाणे पडत राहावेत आणि खालून पीठ येत राहावे, तसे हे काम चालते.

प्रोसेसर वेगवान झाले तसे पेटीतले गणित संगणकालाच करता येऊ लागले. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात 'एलोक्वेन्स'सारखे बोलणारे प्रोग्रॅम स्क्रीन रीडरबरोबरच मिळू लागले. ते मजकुरापासून संख्यांची माळ तयार करत आणि साधे साउंड कार्ड ती वाजवत असे. महागडी पेटी गेली. अंधांसाठी ही लहानसहान गोष्ट नव्हती. पण पेटीबरोबर बोलण्याची स्वतंत्र वाटही गेली, हे थोड्याच दिवसांत लक्षात आले.

त्या काळच्या अनेक कार्डांची गिरणी एका वेळी एकच माळ दळू शकत असे. बोलणाऱ्या प्रोग्रॅमची माळ सेकंदाला ११,०२५ संख्यांची आणि गाण्याची ४४,१०० संख्यांची. दोन्ही एका गिरणीत एकदम कशा पडणार? म्हणून विंडोज ९५ मध्ये नियम साधा होता. जो प्रोग्रॅम आधी कार्ड उघडेल त्याचे ते, दुसऱ्याला 'उपकरण वापरात आहे' असे उत्तर. डोळस माणसाला ही सूचना पडद्यावर दिसे, तो गाणे बंद करी आणि विषय मिटे. अंध माणसाने गाणे लावले आणि कार्ड गाण्याच्या ताब्यात गेले, की स्क्रीन रीडरचा आवाज बंद. मग गाणे थांबवायचे बटण कुठे आहे हे सांगणार कोण? उलट बाजूने स्क्रीन रीडरने कार्ड धरून ठेवले, तर गाणे ऐकणे, ध्वनिमुद्रण करणे, आवाजातले धडे ऐकणे, सगळ्यावर पाणी सोडावे लागे. आवाजाच्या आधाराने जगणाऱ्या माणसाला आवाजाच्याच कामांत अडचण यावी, असा हा विचित्र प्रसंग होता.

दुसरे कार्ड

मार्ग सरळ होता. एक गिरणी पुरत नाही तर दुसरी बसवा. दुसरे कार्ड घालायचे, स्क्रीन रीडरला सांगायचे 'तू याच कार्डावर बोल', आणि विंडोजला सांगायचे 'बाकी सारे त्या कार्डावर वाजव'. सांगायला सोपे, पण करताना घाम फुटे.

जुन्या पद्धतीच्या प्रत्येक कार्डाला एक पत्ता आणि एक आयआरक्यू क्रमांक लागे. कार्डाला प्रोसेसरचे लक्ष वेधायचे असेल तर ते आपल्या क्रमांकाची घंटा वाजवते, असे समजा. अशा घंटा एकंदर १६. त्यातली १ क्रमांकाची कळफलकाची, ३ आणि ४ सिरियल जोडण्यांच्या, ७ प्रिंटरची, १४ हार्ड डिस्कची. साउंड ब्लास्टर बहुधा ५ घेई. दुसऱ्या कार्डासाठी मोकळी घंटा शोधावी लागे, पत्ता २२० च्या ऐवजी २४० असा बदलावा लागे. दोन कार्डांनी एकच घंटा धरली, की दोन्ही बंद पडण्याची भीती. ही सगळी जुळवाजुळव कधी कार्डावरच्या बारीक खुंट्या हलवून, कधी पडद्यावरच्या खिडक्यांतून करायची असे. अंध माणसाच्या वाटेतला खरा पेच इथे होता. आवाज येण्यासाठी जुळवणी करायची, आणि जुळवणी करण्यासाठी आवाज हवा! त्या अर्ध्या तासापुरता तरी शेजारच्या डोळस माणसाचा हात धरावा लागे. म्हणूनच जुनी सिंथेसायझरची पेटी जवळ असलेले लोक ती टाकून देत नसत. नवे कार्ड बसेपर्यंत बोलायला कोणीतरी हवेच.

तरीही लोकांनी हा खटाटोप केला, कारण काहींच्या पोटापाण्याचा प्रश्न होता. ध्वनिमुद्रण करणाऱ्या अंध संगीतकाराच्या मुद्रणात 'फाइल, उघडा, ठीक' असे बोल शिरून चालणार नव्हते. रेडिओवर कार्यक्रम सादर करणाऱ्याला पुढच्या गाण्याचे नाव स्वतःला ऐकायचे होते, श्रोत्यांना ऐकवायचे नव्हते. एक कार्ड श्रोत्यांसाठी आणि एक आपल्या कानाशी, ही विभागणी त्यांना नोकरी देणारी ठरली.

पुण्याचा एक विद्यार्थी

आवाजाच्या दोन वाटा ही तडजोड न मानता तिचा फायदा कसा करून घेता येतो, हे पुण्यात वाढलेल्या एका संशोधकाने दाखवले. टी. व्ही. रामन यांची दृष्टी वयाच्या चौदाव्या वर्षी काचबिंदूने गेली. भाऊ, मार्गदर्शक आणि मदतनीस यांच्याकडून पुस्तके वाचून घेत ते पुण्याच्या नौरोसजी वाडिया महाविद्यालयातून गणित शिकले आणि पुढे मुंबईच्या आयआयटीत गेले. तिथे त्यांनी गणितातील वक्ररेषा आवाजातून 'ऐकवणारा' प्रोग्रॅम तयार केला. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात १९९४ साली पूर्ण झालेल्या त्यांच्या प्रबंधाचा विषयही तोच धागा पुढे नेणारा होता: गणिताची समीकरणे कानाला कळतील अशी कशी वाचावीत?

१९९५ साली त्यांनी 'इमॅक्सपीक' ही बोलणारी संगणक-व्यवस्था विनामूल्य उपलब्ध करून दिली. तिच्यात बोलणे वेगळ्या सिंथेसायझरकडून येई, आणि फाइल उघडली, काम पूर्ण झाले, चूक झाली अशा घटनांसाठी साउंड कार्डावर छोटे खुणेचे आवाज वाजत. 'फाइल उघडली आहे' हे शब्द बोलण्यात जाणारा वेळ वाचे; शब्द मजकुरासाठी मोकळे राहत. आपण शाळेत तासाची घंटा देतो, 'तास संपला आहे' असे प्रत्येक वर्गात जाऊन सांगत नाही, तसेच हे. दोन आवाज एकाच वेळी ऐकता आले, तर कान एका दमात दोन प्रकारची माहिती घेऊ शकतो, हा यातला धडा.

बेरीज करणारा प्रोग्रॅम

१९९८ च्या विंडोज ९८ पासून नव्या पद्धतीचे ड्रायव्हर आले आणि त्यांच्यासोबत आवाज मिसळणारा प्रोग्रॅम विंडोजच्या गाभ्यातच बसला. कार्ड एकच, पण त्याच्या आधी एक मिसळणारा बसला. त्याचे काम वर्गात फळ्यावर करून दाखवता येते. बोलण्याच्या माळेतील संख्या आणि गाण्याच्या माळेतील संख्या यांची बेरीज करायची, की झाला मिश्र आवाज. मात्र दोन अटी आहेत. पहिली, दोन्ही माळांची गती एक हवी. ११,०२५ ची माळ ४४,१०० ची करायची तर चौपट संख्या हव्यात. म्हणून प्रत्येक दोन संख्यांच्या मध्ये अंदाजाने तीन संख्या भराव्या लागतात. दुसरी, बेरीज मर्यादेत राहायला हवी. २०,००० आणि १५,००० मिळून ३५,००० होतात, पण मोठ्यात मोठी संख्या ३२,७६७! वरचा भाग कापला जातो आणि आवाज फाटतो. म्हणून मिसळताना आवाज थोडे बारीक करावे लागतात.

या कामाला थोडा वेळही लागतो. संख्या आधी साठ्यात भरायच्या, मग वाजवायच्या. साठा ४,४१० संख्यांचा असेल, तर आवाज सेकंदाचा दहावा भाग उशिरा येतो. गाणे ऐकणाऱ्याला हा उशीर जाणवणारही नाही. पण अंध वाचक भराभर कळा दाबत यादीतून खाली जातो, तेव्हा प्रत्येक कळीसरशी आधीचे बोलणे तुटून नवे सुरू व्हावे लागते. तिथे एवढा उशीरही चालण्यात अडखळल्यासारखा वाटतो.

पुढे यूएसबीवर चालणारे हेडफोन आले. संगणकाच्या दृष्टीने असा प्रत्येक हेडफोन म्हणजे आणखी एक साउंड कार्डच. खुंट्या आणि घंटा यांची कटकट संपली. दुसरा गळा वायर खोचली की तयार. २००६ साली ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या अंध तरुणाने 'एनव्हीडीए' हा स्क्रीन रीडर लिहायला घेतला, आणि पुढे त्यांचे अंध मित्र जेम्स तेह त्यांना येऊन मिळाले. तो विनामूल्य आहे, आणि त्याच्यासोबत येणारा 'ईस्पीक' हा बोलणारा प्रोग्रॅम मराठीही वाचतो. चार हजार डॉलरांच्या पेटीपासून विनामूल्य मराठी वाचनापर्यंतचा हा प्रवास एका पिढीच्या आतला आहे.

प्रश्न कार्डाचा की कानाचा?

आवाज मिसळता आले म्हणजे सगळे सुटले का? नाही. मिसळलेले आवाज शेवटी एकाच माणसाच्या कानात जातात. १९५३ साली कॉलिन चेरी यांनी एक प्रयोग केला. ऐकणाऱ्याच्या दोन कानांत दोन वेगळी भाषणे सोडली आणि एका कानातले भाषण मोठ्याने म्हणत जायला सांगितले. लोकांना ते जमले. दुसऱ्या कानात काय बोलले गेले हे मात्र जवळजवळ सांगता आले नाही. पुरुषाच्या आवाजाऐवजी बाईचा आवाज आला, हे लक्षात आले. हीच दोन भाषणे मिसळून दोन्ही कानांत सोडली, तेव्हा ती वेगळी काढताना लोकांची फार दमछाक झाली. मेंदूला दोन आवाज वेगळे धरायला मोठी मदत होते ती ते कुठून येतात याची.

म्हणून मिसळणे सोपे झाल्यावरही विभागणीची गरज संपली नाही. २०१६ साली एनव्हीडीएमध्ये स्वतः बोलताना बाकीचे आवाज खाली आणण्याची सोय आली. २०२४ साली स्क्रीन रीडरचा आवाज एका कानात आणि बाकी सारे दुसऱ्या कानात पाठवण्याची सोय त्यात घालण्यात आली. २०२० च्या महासाथीत वर्ग पडद्यावर भरू लागले, तेव्हा शिक्षकांचे बोलणे आणि स्क्रीन रीडरचे बोलणे एकमेकांवर आदळण्याचा त्रास अंध विद्यार्थी आणि शिक्षक दोघांनाही झाला होता. दोन कार्डांनी जे साधले ते आता दोन कानांनी साधते.

आपल्या वर्गासाठी यातून काय घ्यावे? वर्गात अंध विद्यार्थी असेल तर त्याच्या संगणकाला दोन वाटा द्याव्यात. स्क्रीन रीडरच्या सेटिंगमध्ये बोलण्याचे उपकरण नावानिशी निवडून ठेवावे. 'विंडोज ठरवेल ते' असे सोडले, तर कोणी प्रोजेक्टर किंवा नवा मॉनिटर जोडताच बोलणे तिकडे निघून जाते आणि मुलाच्या कानाशी शांतता उरते. त्याने एकाच कानात हेडफोन लावला असेल तर तो बेशिस्त समजू नये. दुसरा कान त्याने आपल्यासाठी मोकळा ठेवलेला असतो.

आणि चेरी यांचा प्रयोग वर्गात जरूर करावा. एका मुलाला मध्ये बसवून डोळे मिटायला सांगावे. दोन मुलांनी त्याच्या समोर शेजारी-शेजारी उभे राहून वेगवेगळे उतारे एकदम वाचावेत, आणि त्याने त्यांतला एक ऐकून सांगावा. मग तेच दोघे त्याच्या डाव्या-उजव्या बाजूला उभे राहून पुन्हा वाचोत. कोणत्या वेळी जास्त वाक्ये कळली याची नोंद फळ्यावर करावी. एका संगणकाला दोन गळे कशाला, हे मग मुलांना वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.